दुसरं मशीन

इसाल्मी, एप्रिलअखेर

प्रिय केर्तू,

पत्र बघून चकित झाली असशील. वाढदिवसाच्या कार्डावर दोघांची नावं लिहायचं कामही तुझ्या आईचंच होतं, त्यामुळे माझं अक्षर तू ओळखशील की नाही, शंकाच आहे. इकडे ठीक आहे. तळ्यावरचा बर्फ काळा पडलाय, आता त्यावर कुणी चालत नाही. नगरपालिकेच्या बर्फ काढायच्या गाड्या धुऊन शेडमध्ये लावल्या, म्हणजे गॅरेजमध्ये काम कमी. हे सगळं मी तुला फोनवर सांगितलेलंच आहे. नोव्हेंबरमध्ये आई गेली तेव्हापासून आपण दोघं हवामानाशिवाय काही बोललेलोच नाही. तू तुर्कूचं सांगतेस, मी इसाल्मीचं सांगतो, मग दोघंही ‘बरं तर’ म्हणून ठेवून देतो. ती होती तेव्हा फोन तिच्या हातात असायचा आणि मी मागून ओरडायचो, ‘गाडीचं तेल बदललं का विचार तिला.’ आपलं बोलणं तेवढंच, पण ते बोलणं होतं. ते परत यावं असं मला वाटतं. वाटतं म्हणजे, वाटायला हवं हे डोक्याला कळतं. बाकी आतून सगळं दंतवैद्याने सुई दिल्यावर गाल होतो तसं झालंय. चिमटा काढला तरी दुसऱ्या कुणाला तरी काढल्यासारखा. प्रेतयात्रेच्या दिवशीही मी रडलो नाही हे तू पाहिलंसच. मला त्याची लाज वाटत नाही, आणि वाटत नाही याचंही काही वाटत नाही.

तर बातमी अशी, की मी कॉम्प्युटर जोडतोय. खेळायचा. हसलीस तरी चालेल. मौजेसाठी घेतलेली कुठलीही वस्तू हिवाळी टायरांच्या सेटपेक्षा महाग असता कामा नये, हा आपल्या घरातला नियम तुला पाठच आहे. आईने स्वतःचं मशीन त्याच हिशेबात बसवलं होतं, तेव्हा मीही तसंच ठरवलं. शेजारच्या ओस्मोने सौनात माझी यथेच्छ चेष्टा केली. म्हणाला, ‘सत्तावन्न पुरी झाली आणि आता खेळणार? बघ हं, दुधाचे दात येतील.’ मग थोड्या वेळाने, तापल्या दगडांवर पाणी टाकता टाकता, माझ्याकडे न बघता म्हणाला, ‘अरे पण मार्केत्ताचं आहे की घरात. धूळ खात पडलंय. ते का नाही वापरत?’ मी म्हटलं, आज फार तापवलंयस बाबा, आणि बाहेर येऊन बसलो.

मला वाटलं होतं, सुटे भाग निवडायचे म्हणजे गाडीसारखंच असणार. मदरबोर्ड म्हणजे सांगाडा, प्रोसेसर म्हणजे इंजिन, पॉवर सप्लाय म्हणजे बॅटरी. पण गाडीत सगळे भाग एकाच कारखान्यातून एकमेकांना ओळखत आलेले असतात. इथे प्रत्येकाची दुसऱ्याशी ओळख आपण करून द्यायची. ग्राफिक्स कार्ड निम्मे पैसे खातं हे कळल्यावर ते जुनंच घेतलं, तर ते बाजारातून आणलेल्या कॅबिनेटमध्ये मावेना. बोटभर जास्त लांब. डिस्क ठेवायचा पिंजरा आतून कापून काढला तेव्हा बसलं. पॉवर सप्लाय मात्र कोरा आणि दणकट घेतला. फालतू बॅटरीपायी चांगल्या गाड्यांची वायरिंग जळालेली मी पुष्कळ पाहिली आहे. रॅमच्या पट्ट्या एक घर सोडून लावायच्या असतात हे वाचून ठेवलं होतं, म्हणून ती चूक झाली नाही. दुसरी झाली.

मदरबोर्ड मी कुओपिओच्या तेया नावाच्या बाईकडून घेतला. प्रसूती विभागात नर्स आहे. पेट्रोल पंपाच्या पार्किंगमध्ये भेटलो. तिने गाडीच्या बॉनेटवर टॉवेल पसरला आणि बोर्ड असा काढून ठेवला, की मला वाटलं आता वजन सांगते. कुठला प्रोसेसर लावणार म्हणाली. मी सांगितलं. ती म्हणाली, ‘तो नवा आहे, हा बोर्ड जुना. पिना जुळतात म्हणून जुळलंच असं नसतं हं.’ मी मान हलवली आणि मनात म्हटलं, बाई, उभा जन्म गॅरेजमध्ये काढलाय, बसलं म्हणजे चाललं. घरी येऊन स्वैपाकघराच्या टेबलावर सगळं जोडलं. बटण दाबलं. पंखे फिरले, दिवा लागला, पडदा काळाच. केबल बदलून पाहिल्या, रॅम काढून घातली, ग्राफिक्स कार्ड काढून पुसून लावलं. काळाच. शेवटी नाक मुठीत धरून तेयाला फोन केला. ती हसली नाही. म्हणाली, ‘बोर्ड त्याला ओळखतच नाही, म्हणून गप्प बसलाय. तो प्रोसेसर निघाला त्याच्या आधीच हा बोर्ड बनला. एखादा जुना प्रोसेसर लाव, त्याच्यावर बोर्ड जागा कर, त्याचं सॉफ्टवेअर नवं कर, मग तुझा बसव. माझा जुना मी विकला. तुझ्याकडे आहे का कुठे?’ मी म्हटलं, आहे.

कुठे ते तुला कळलं असेल. आईच्या खोलीत, खिडकीखाली. ते मशीन मी मार्चमध्ये एकदा चालू केलं होतं, विम्याचा कागद शोधायला. रविवार, तुम्हा दोघींचा खेळायचा दिवस, होता हे माझ्या ध्यानातही नव्हतं, आणि चालू केल्याबरोबर खेळ आपला आपण जोडला जातो हे मला कुठलं ठाऊक. खुर्ची ओढून बसतोय तोच फोन वाजला. तू होतीस. आधी नुसता श्वास ऐकू आला. मग बाबाला हाक मारलीस, ‘इस्का, आई हिरवी झाली.’ तेव्हा कुठे पडद्याकडे नीट पाहिलं. तुम्हा दोघींची नावं एकाखाली एक, तुझं आणि तिचं ते खेळातलं नाव, पुओलुक्का, आणि दोन्हींपुढे हिरवा ठिपका, म्हणजे खेळात हजर. मी म्हटलं, ‘मी आहे. विम्याचा कागद बघत होतो.’ तू ‘बरं तर’ म्हणालीस आणि ठेवून दिलास. दुसऱ्या दिवशी तू फोन केलास तेव्हा आपण तुर्कूच्या पावसावर बोललो. पण मला त्या दिवशी एक कळलं. तू इतक्या लगेच फोन केलास, म्हणजे तू तिथेच होतीस. आई सांगायची, त्या खेळातलं जहाज एकट्याने हाकता येत नाही, एक सुकाणूला आणि एक शिडाला लागतो. म्हणजे रविवारी संध्याकाळी तू धक्क्यावर जातेस, जहाजावर बसतेस, आणि जहाज हलत नाही. हे कळल्यावर मला काय वाटलं ते नीट सांगता येत नाही. पण दुसऱ्या दिवशी गॅरेजमध्ये जेवणाच्या सुट्टीत मी मदरबोर्ड म्हणजे काय ते वाचायला घेतलं.

प्रोसेसर थंड मशीनमधून ओढायचा नाही, असं तेयाने बजावलं होतं. वरच्या कूलरखालची पेस्ट वाळून घट्ट झालेली असते, ओढला की प्रोसेसर मुळासकट उपटून येतो. आधी मशीन चालवायचं, तापू द्यायचं, मग कूलर हळूच फिरवून सोडवायचा. म्हणजे जे मला परत करायचं नव्हतं, नेमकं तेच. आधी भिंतीतली इंटरनेटची तार काढली. दारापर्यंत गेलो, परत येऊन पाहिलं, निघाली आहे ना. मग बटण दाबलं. खेळाने धडपड केली आणि जोडणी नाही म्हणून सांगितलं. तिचं नाव होतं, ठिपका राखाडी. पंख्याचा आवाज तोच, रविवारी जेवणाच्या टेबलापर्यंत यायचा तो. मी तिच्या खुर्चीत बसलो नाही, पलंगाच्या कडेवर बसून राहिलो. वाटलं आता काहीतरी होईल. काही झालं नाही. मशीन तापलं.

झाकण काढलं तर आत सगळ्या वायरी पावाच्या पिशवीच्या प्लॅस्टिकच्या क्लिपांनी बांधलेल्या. माझ्या राईच्या पावाच्या. आणि मी इतकी वर्षं तक्रार करायचो, की या घरात पिशवीची क्लिप कधी जागेवर नसते, पाव कडक होतो. मला हसू आलं. मोठ्याने आलं. मग स्क्रूड्रायव्हर खाली ठेवून सगळ्या क्लिपा एकेक करून मोजल्या, कारण तशा अवस्थेत नाजूक पिनांना हात लावायचा नसतो. त्याहून जास्त काही सांगण्यासारखं नाही. प्रोसेसर निघाला, बोर्ड जागा झाला, सॉफ्टवेअर चढत असताना वीज जाऊ नये म्हणून मी किटलीसुद्धा लावली नाही. मग तिचा तिला परत बसवला, नवी पेस्ट लावून, आणि तार न जोडताच चालवून पाहिलं. चालतं. त्यातलं काही हललेलं नाही. क्लिपाही होत्या तिथेच ठेवल्या. माझं मशीनही चालतं. आनंद व्हायला हवा होता. मी टेबल पुसलं आणि झोपलो.

आता हे फोनवर का नाही सांगितलं, तर सांगितलं असतं आणि तू तळ्यावरचा बर्फ फुटला का विचारलं असतंस. आणि पडद्यावर तुला आणखी एकदा दचकवायचं नाही. म्हणून टपालाने, म्हणजे रविवारच्या आत मिळेल. केर्तू, येत्या रविवारी संध्याकाळी तुझ्या यादीत एक अनोळखी नाव येईल. माझं नुसतं ‘रायमो’ हे नाव कुणीतरी आधीच घेतलेलं होतं, म्हणून ‘इसाल्मीचा रायमो’ असं लिहिलंय. तो मी आहे. तिच्या नावाला मी हात लावणार नाही, तिच्या खोलीतली तार काढलेलीच राहील. मला तिच्यासारखं सुकाणू येत नाही, शिकेन असंही वचन देत नाही. शीड कुठल्या दोरीने उतरतं ते सांगितलंस तर तेवढी दोरी धरून उभा राहीन. तुला नको असेल तर नाव स्वीकारू नकोस, सोमवारी मी काही विचारणार नाही, आपण हवामानावर बोलू. पण मी धक्क्यावर असेन, त्या रविवारी आणि पुढच्याही.

तुझाच,
इस्का