उदाहरण क्रमांक चार

सोमवार, ३ एप्रिल २०२३

टिपण शेवटी माझ्याच गळ्यात! संप मिटून दोन आठवडे झाले. शासनाने समिती नेमली आहे, आणि समितीपुढे आपलेही म्हणणे गेले पाहिजे, असे आमच्या संघटनेने ठरवले. सचिव विजयसिंह दुपारी टेबलाशी आले. त्यांचा आवाज असा, की संपाच्या मंडपात त्यांना माईक लागला नाही. 'अण्णासो, भाषणं आम्ही करतो. तुम्ही बी.कॉम. माणूस, कागद तुम्ही करा.' जुनी पेन्शन सर्वांना का द्यावी, त्यासाठी पैसा कुठून यावा, आणि ज्यांची थोडक्यात हुकली अशा पाच कर्मचाऱ्यांची उदाहरणे. मुदत महिनाअखेर. २ मे रोजी कागद रवाना.

हो म्हणालो. मी स्वतः जुन्या योजनेत आहे. ३१ ऑक्टोबर २००५ च्या सकाळी हजर झालो; १ नोव्हेंबरपासून जे हजर झाले त्यांना ती नाही. एका दिवसाने बचावलो. संपात सातही दिवस मंडपात बसलो, तेव्हा एकाने विचारले होते, तुमचं काय अडलंय इथं बसायला?

बुधवार, ५ एप्रिल

जेवताना टिपणाचा विषय काढला — चूक केली. श्रुती शिरोली एमआयडीसीत एका फौंड्रीच्या ऑफिसात आहे. आमच्या संपावर ती महिनाभर गप्प होती. आज बोलली.

'पप्पा, आमच्याकडे भट्टीवर तीस वर्षं काढलेला माणूस गेल्या महिन्यात रिटायर झाला. त्याची पेन्शन तुमच्या स्कूटरच्या पेट्रोलला पुरेल एवढी. तो अंगाचा साबण घेतो त्यावरही टॅक्स भरतो. त्यातनं तुमची पेन्शन.'

मी म्हणालो, पेन्शन ही कृपा नव्हे. तो राखून ठेवलेला पगार आहे.

'मग राखून ठेवलाय कुठं?'

कुठेच नाही. जुन्या पेन्शनसाठी बाजूला काढलेला निधी नाही; त्या त्या वर्षीच्या महसुलातून ती दिली जाते. हे मला पक्के ठाऊक आहे. सौ. म्हणाली, दोघांनी आधी ताट संपवा, मग सरकार चालवा.

शनिवार, ८ एप्रिल

दोन पाने लिहिली. दोन्ही फाडली.

मंगळवार, ११ एप्रिल

उदाहरणे गोळा होत आहेत. तीन मिळाली. चौथे विजयसिंहांनीच ठरवून टाकले — कृष्णात! 'एका दिवशी दोन ऑर्डरी. एक माणूस सोमवारी हजर, दुसरा पुढच्या सोमवारी. एकाला जन्मभर पेन्शन, दुसऱ्याला ठणठण गोपाळ. समितीच्या डोळ्यात पाणी येईल बघा.'

पहिला माणूस मी. दुसरा कृष्णात. त्याचे वडील आमच्याच कार्यालयाच्या जीपवर ड्रायव्हर होते, नोकरीत असतानाच वारले. त्यांच्या जागी याला घेतले. माझ्यापेक्षा वर्षाने मोठा. आदेश दोघांनाही शुक्रवारी, २८ ऑक्टोबरला मिळाले. तो उचगावला घरी गेला, दिवाळी केली आणि ७ नोव्हेंबरला हजर झाला.

ही गोष्ट तो स्वतःच हसत सांगतो. आजही चहाच्या टपरीवर सांगितली. 'आई म्हणाली, दिवाळी करून जा. केली. लक्ष्मीपूजन झ्याक झालं, लक्ष्मी तेवढी आली न्हाय.' सगळे हसले. मग माझ्याकडे वळून म्हणाला, 'साहेब, झकास लिवा. निदान कागदावर तरी माझी पेन्शन सुरू हुंद्या.'

२०१४ पर्यंत तो मला अरे-तुरे करी. एकच जागा होती, बढती मला मिळाली. त्याला चार वर्षांनी. त्या दिवसापासून मी 'साहेब' आणि 'तुम्ही' झालो. मी हरकत घेतली नाही.

शुक्रवार, १४ एप्रिल

जयंती. सकाळी बिंदू चौकात जाऊन आलो. परतताना वडिलांची आठवण. जन्मभर फौंड्रीत साचे भरले, हजेरीपत्रकावर नाव कधी चढले नाही. 'तोंडी मिळालेलं आपलं नसतं रे. कागदावर घे, आणि लगेच घे.' हे त्यांनी इतक्या वेळा सांगितले, की मी कॉमर्सला गेलो तेही बहुधा त्यामुळेच.

आज एवढेच. टिपणाला हात लावला नाही.

रविवार, १६ एप्रिल

उदाहरणाची खातरजमा केल्याशिवाय मी सही करत नाही. म्हणून उचगावला गेलो. इतक्या वर्षांत कृष्णातच्या घरी तिसऱ्यांदा.

धोंडुबाई — त्याची आई — पंचाहत्तरीच्या पुढे. तिला नवऱ्याची फॅमिली पेन्शन मिळते, जुन्या योजनेतली. निवृत्तीनंतर कृष्णातला बसेल त्यापेक्षा ती जास्त भरेल. तो तिला चिडवत होता, 'म्हातारपणी तूच मला सांभाळायची हाईस, आधी मरायचं न्हाय.' ती हसली नाही.

तो चहा सांगायला आत गेला तेव्हा ती हलक्या आवाजात म्हणाली, 'लिवतोस नव्हं त्याचं? मग माजं नाव घाल. म्यांच ऱ्हा म्हणलं. दीस सणाचं, नवी नोकरी, घरातनं ग्वाड तोंडानं जाऊ दे म्हणलं. करंज्या माज्या नडल्या त्याला.'

ती पुढे सांगत राहिली. पेन्शन नसल्याचे कृष्णातला कळले तेव्हापासून तिने करंजीला हात लावलेला नाही. दरवर्षी सून चकली करते, चिवडा करते; करंज्या दुकानातून येतात. पोरे विचारतात, आजी गप्प बसते. आणि तिची पेन्शन बँकेतून आली की सगळी कृष्णातच्या हातावर ठेवते. तो नको म्हणतो. ती ऐकत नाही.

चहा गार झाला. तसाच प्यायलो.

सोमवार, १७ एप्रिल

लिहितोच. ही वही दुसरे कोणी वाचत नाही.

शुक्रवार, २८ ऑक्टोबर २००५. आदेश हातात घेऊन आम्ही दोघे कार्यालयाच्या पायऱ्यांवर उभे होतो. कृष्णात म्हणाला, सोमवारी येऊया काय दोघं बी? मी म्हणालो, 'आदेशात तीस दिवस दिलेत. सणाचं कशाला धावतोस? दिवाळी करून सावकाश ये. आमच्यात दिवाळी नसते, मी येतो सोमवारी.' त्याला ते बरे वाटले. जाताना पाठीवर थाप मारून गेला.

शब्द प्रेमाचे होते. हेतू प्रेमाचा नव्हता. दोघे एकाच दिवशी हजर झालो असतो, तर वयाने मोठा म्हणून ज्येष्ठतायादीत तो वर आणि मी खाली — नियम मी आदल्याच दिवशी वाचला होता. एक आठवडा आधी हजर झालो की मी वर. कागदावर घे, आणि लगेच घे.

पेन्शनचे मला माहीत नव्हते. त्या शुक्रवारी कोणालाच माहीत नव्हते. शासन निर्णयच मुळी ३१ तारखेचा. हे मी स्वतःला साडेसतरा वर्षे सांगत आलो आहे. ते खरे आहे. पण २०१४ ची बढती मला त्या आठवड्यानेच दिली, हेही खरे आहे.

पायऱ्यांवरचे ते बोलणे कृष्णात विसरला, असे मी धरून चाललो होतो. त्याच्या आठवणीत आईचे बोलणे राहिले. माझे पुसले गेले. मला ते सोयीचे होते.

गुरुवार, २० एप्रिल

मन थाऱ्यावर नाही. कार्यालयात एका पत्रावर कालची तारीख घातली! अशी चूक माझ्या हातून होत नाही.

पैशाचा भाग मात्र पूर्ण केला. सर्वांना जुनी पेन्शन दिली तर बोजा आज दिसत नाही, पंधरा-वीस वर्षांनी दिसतो. तेव्हा तो श्रुतीच्या पिढीने उचलायचा. म्हणून शेवटी लिहिले: निश्चित पेन्शन सर्वांना मिळावी, परंतु तिचा निधी आजपासून वेगळा साठवावा, आणि त्यात आम्ही जुन्या योजनेतल्यांनीही पगारातून हिस्सा घालावा.

विजयसिंहांनी उभ्या उभ्या वाचले. शेवटच्या परिच्छेदावर बोट ठेवले. 'हे कोणी विचारलंय? आपण मागायला चाललोय, द्यायला नव्हे. काढा.'

श्रुतीला तो परिच्छेद दाखवला. दोनदा वाचून म्हणाली, 'हे पहिल्यांदा कुणीतरी आमच्याशी बोलल्यासारखं वाटलं.' मग म्हणाली, 'पण हे काढायला लावतील तुम्हाला.'

रविवार, २३ एप्रिल

पुन्हा उचगाव. फोन न करता.

कृष्णात गोठ्यात म्हशीला पाणी दाखवत होता. बादली ठेवायची वाट न बघता सांगून टाकले — पायऱ्या, तीस दिवस, ज्येष्ठतायादी, सगळे. क्रमाने सांगितले, मला दुसऱ्या रीतीने सांगता येत नाही.

तो म्हशीच्या पाठीवरून हात फिरवत राहिला. मग म्हणाला, 'मला का सांगतोस? आत जाऊन तिला सांग.'

नऊ वर्षांनी 'तू'.

धोंडुबाई सुपात तांदूळ निवडत होती. समोर बसून सांगितले. तिने खडा बाजूला टाकला आणि विचारले, 'मग म्यां ऱ्हा म्हणलं न्हवतं?'

'तुम्हीही म्हणाला होतात. पण शुक्रवारी दुपारी मी म्हणालो, तुम्ही संध्याकाळी. तुमच्याकडे येताना त्याचं राहायचं ठरलेलं होतं.'

'आदी तू. मग मी.'

'हो.'

ती माझ्याकडे बघत राहिली. राग दिसला असता तर मला बरे वाटले असते. मग तिने सूप पुन्हा हातात घेतले.

कृष्णात फाटकापर्यंत आला. चप्पल घालताना त्याच्याकडे बघवले नाही. तो म्हणाला, 'चौथ्या उदाहरणात काय घालणार? माझी आई, का तू?'

सोमवार, २४ एप्रिल

कृष्णात चहाला आला नाही. नमस्कार केला — कोरडा.

बुधवार, २६ एप्रिल

विजयसिंहांना सांगावे लागले. आधी हसले, मला चेष्टा करता येत नाही हे लक्षात आल्यावर दार लोटून घेतले. म्हणणे असे: या कबुलीने कृष्णातला पेन्शन मिळणार नाही, एक पैसा नाही. उलट सहीनिशी कागद समितीकडे गेला, आणि पुढे कोणी तो माहिती अधिकारात मागवला, तर २०१४ ची बढती उकरली जाईल. 'पाच वर्षं राहिलीत तुमची. पेन्शन शेवटच्या पगारावर बसती, हे मी तुम्हाला शिकवायचं?'

हिशेब त्यांचा बरोबर आहे. मी तो आधीच दोनदा मांडून पाहिला आहे. बढती काढली गेली तर पगार खाली, पगार खाली तर पेन्शन खाली — माझी, आणि माझ्यामागे सौ.ची.

'चौथं दुसरं घाला,' ते म्हणाले. 'माणसं काय कमी आहेत?'

शनिवार, २९ एप्रिल

टिपण स्वच्छ उतरवले. उदाहरण क्रमांक चार: बिद्रीकडील एक आरोग्यसेविका, ३ नोव्हेंबरला हजर. उदाहरण खरे आहे, कागदपत्रे जोडलेली आहेत. निधीचा परिच्छेदही काढला. चौदा पाने, एकही खाडाखोड नाही.

मात्र बसवत नाही. दुपारभर घरातल्या घरात फेऱ्या मारल्या. सौ. म्हणाली, फरशी झिजेल. श्रुतीने अंतिम प्रत मागितली. नंतर दाखवतो म्हणालो.

सोमवार, १ मे

झेंडावंदनाला कार्यालयात गेलो. कार्यक्रम संपून स्कूटरकडे आलो तर सीटवर स्टीलचा डबा, फडक्यात बांधलेला. शेजारी कृष्णात.

'आईनं दिलाय.' एवढेच बोलून गेला.

घरी येऊन उघडला. करंज्या! अकरा. कडा हाताने मुरडलेल्या, एकीची दुसरीसारखी नाही. सौ. चकित — मे महिन्यात करंज्या? श्रुतीने एक उचलून खाल्लीही. 'मस्त झाल्यात. कोणी केल्या?'

मी सांगितले, कोणी केल्या. मग बाकीचेही सांगितले. दोघी ऐकत राहिल्या. शेवटी श्रुती एवढेच म्हणाली, 'त्या आजींना कळवायला तुम्ही साडेसतरा वर्षं लावलीत.' सौ. उठली, उरलेल्या करंज्या ताटात काढल्या आणि डबा धुऊन पालथा घातला. थोड्या वेळाने स्वयंपाकघरातून तिचा आवाज आला, 'दुसऱ्याचा डबा रिकामा पाठवायचा नसतो. काय घालून देऊ?'

मी म्हणालो, राहू दे. मी बघतो.

मंगळवार, २ मे

आरोग्यसेविका उदाहरण क्रमांक पाचवर गेली, आधीचे पाचवे सहावर. चार पुन्हा लिहिले: शुक्रवार, दुपार, पायऱ्या, आधी मी, मग त्याची आई. निधीचा परिच्छेदही जागेवर घातला. खाली सही, पदनाम, आजची तारीख. एक प्रत विजयसिंहांच्या हातात दिली. दुसरी घडी करून डब्यात ठेवली, फडके पूर्वीसारखे बांधले, आणि उचगावचा रस्ता धरला.