आठ-दहाची यादी

६ जानेवारी, मंगळवार

मॅडमनी इंग्रजीत रोजनिशी लिहायला सांगितलीय. अकॅडमिक इंग्लिशचे पाच मार्क. ती वही वेगळी. तिच्यात मी पहाटे उठून वर्तमानपत्र वाचते! ही खरी.

या सेमिस्टरला तीन पेपर नवे – माहिती प्रणाली, अकॅडमिक इंग्लिश, लीडरशिप. तिन्ही मिळून एकच प्रोजेक्ट. आमच्या गटाकडे कॉलेजची हजेरी मोबाईलवर आणायचं काम आलंय. गटप्रमुख हरिओम, कारण तो उंच आहे आणि माईकला घाबरत नाही. काम मी करणार, हे कुणी बोललं नाही. सगळ्यांना माहीत आहे.

९ जानेवारी, शुक्रवार

जुनी पद्धत नीट पाहिली. माहिती प्रणालीचे सर आठला हजेरी घेतात. साडेआठला दारात चार मुली – चारठाण्याची गाडी सेलूत तेव्हा पोचते. सर मान वर न करता विचारतात, "चारठाणा?" चौघी म्हणतात, "यस सर." हजेरीपटावर चार खुणा. नावंसुद्धा घेत नाहीत, गावाचीच हजेरी!

मी लिहून ठेवलं – दोनदा हजेरी, चुकीची पद्धत. एका तासाला एकदाच. दहा मिनिटांची सवलत पुष्कळ झाली. आठ-दहाला यादी बंद, मग सरांनाही ती उघडता येणार नाही. हा कुलपाचा भाग जमला तेव्हा फार आनंद झाला. माझं घर कॉलेजपासून सात मिनिटांवर आहे.

१३ जानेवारी, मंगळवार

हरिओमची कल्पना – जो गैरहजर, त्याच्या घरी नऊच्या ठोक्याला मेसेज. मजकूर इंग्रजीत मी लिहिला. आपला पाल्य आज वर्गात आढळला नाही, कृपया लक्ष द्यावे, अशा अर्थाचा. मॅडम म्हणाल्या, सूर अगदी बरोबर. दहापैकी नऊ!

१९ जानेवारी, सोमवार

मोबाईलवरची हजेरी सुरू झाली. चालतेय!

२० जानेवारी, मंगळवार

"चारठाणा?" – सरांच्या तोंडून सवयीनं निघालं. मग मोबाईलकडे बघितलं. यादी बंद.

२९ जानेवारी, गुरुवार

पाण्याच्या टाकीजवळ शिवकन्यानं गाठलं. चारठाण्याच्या चौघींतली ती. आजवर बोलणं झालं नव्हतं.

"धम्मशीला, ते मेसेज बंद कर ना."

बाकीच्या तिघींनी पालकांच्या रकान्यात स्वतःचाच नंबर दिलाय. हिनं वडिलांचा दिला, खराखुरा. वडिलांना इंग्रजी येत नाही. मोबाईलच्या दुकानात जाऊन वाचून घेतलं. म्हणजे आता गावालाही माहीत. "बाबा म्हणायलेत, सकाळी सहाला घरातून निघतीस, कॉलेजात न्हाईस, मग जातीस कुठं?"

गाडीचं सांग की, म्हटलं. "सांगितलं. म्हणले, कॉलेज खोटं अन् तू खरी व्हय?"

मी तिला नियम समजावून सांगितला. यादी सगळ्यांना सारखीच आहे वगैरे. तिनं ऐकून घेतलं, बाटली भरली आणि गेली. वाईट वाटलं. थोडं.

३ फेब्रुवारी, मंगळवार

सरांच्या कानावर घातलं. म्हणाले, बारा तारखेला विद्यापीठाची समिती येतेय, तोवर हात लावू नका, तुमच्या गटाचं नाव बक्षिसाला जाणार आहे. हरिओम म्हणाला, "नऊ दिवसांचा तर प्रश्न हाय!" मी हो म्हणाले.

लीडरशिपच्या तासाला आज निर्णयक्षमता शिकवली. नोट्स काढल्या.

६ फेब्रुवारी, शुक्रवार

शिवकन्या आली नाही.

९ फेब्रुवारी, सोमवार

आजही नाही. तिच्या गावच्या निकिताला विचारलं. "घरी बसवली. वह्या-पुस्तकं बापानं पेटीत टाकून कुलूप लावलं. येत्या ऐतवारी पाव्हणे येणार हायत बघायला."

यादी उघडून बघितली. शुक्रवार, शनिवार, सोमवार – गैरहजर. तिच्या नावापुढच्या तीन आठवड्यांच्या नोंदींत खऱ्या एवढ्याच.

जेवण गेलं नाही. आईनं विचारलं, काय झालं? काही नाही म्हटलं. मी केलंय हे. सरांनी नाही, हरिओमनं नाही. मी.

११ फेब्रुवारी, बुधवार

वडिलांचा नंबर यादीत होताच. दुपारी फोन लावला. रंगनाथ नाव त्यांचं.

"कोण बोलायलंय?"

काका, तो मेसेज मी लिहिलाय, म्हटलं. पलीकडून नुसता मळणी यंत्राचा आवाज. मग भडाभडा सगळं सांगितलं – आठ-दहा, साडेआठ, गाडी, कुलूप. ऐकलं त्यांनी. "ती बी हेच म्हणती. तुमी मैतरणी मैतरणी. भरोसा कसा ठेवावा, सांग बरं."

मैत्रीण नाहीये मी तिची. हे काही बोलले नाही. उद्या एक दिवस तिच्यासोबत गाडीनं या, स्वतःच बघा, एवढं म्हटलं.

"हरभरा काढायलोय," म्हणाले आणि फोन ठेवला.

पासवर्ड माझ्याकडेच आहे. नियम आजच बदलता आला असता. बदलला नाही. बदलला तर उद्या त्यांना दिसणार काय? ते आले नाहीत तर मात्र माझी युक्ती पाण्यात. भीती वाटतेय.

१२ फेब्रुवारी, गुरुवार

समितीचे तिघं आठलाच आले. साडेआठला दारात चारठाणा – चौघी! मागे डोक्याला रुमाल बांधलेले एक गृहस्थ. शिवकन्या नेहमीच्या जागी बसली, ते तिच्या मागच्या बाकावर.

हरिओमनं माईक घेतला. आमची प्रणाली शंभर टक्के अचूक आहे, म्हणाला. नऊ वाजले. मागच्या बाकावर मोबाईल वाजला. काकांना आता तो मेसेज न वाचताच ओळखू येतो. त्यांनी मोबाईलकडे बघितलं, मग समोरच्या पाठीकडे, पुन्हा मोबाईलकडे. आणि उभे राहिले.

"सायेब, पर ही तर इथंच बसलीय की! माझ्या म्होरं!"

कुणी हसलं नाही. मी उठले. नियम माझा आहे, चूकही माझीच आहे, म्हणाले. हरिओमनं माईक खाली ठेवला.

सरांनी कपाट उघडून जुना हजेरीपट काढला. मान वर न करता विचारलं, "चारठाणा?"

चौघी म्हणाल्या, यस सर. पाठोपाठ काकाही म्हणाले, "हाय!"