गोठ्याचा कोबा

कोडोली, बुधवार

चि. कृष्णात यास,

तुझ्या थोरल्या बहिणीचा, म्हंजे आक्काचा, आशीर्वाद. तू, स्वप्नाली आणि आमची म्हस, तिघंबी खुशाल असाल. (म्हशीचं नाव पैलं लिवणार होते, पण कागद तुझी बायकोबी वाचंल.) फोन केला की तू मधीच बोलतोस, म्हणून लिवतेय. कागदाला मधी बोलता येत न्हाय. आमचा राजवर्धन ह्याचा फोटू काढून तुझ्या मोबाईलवर टाकंल. माझ्या अक्षराला हसतंय कार्टं. हसू दे.

तुझा निरोप पोचला. ऐतवारपतुर म्हस न्ह्या, न्हायतर बाजार दाखवतो म्हणं. थोरल्या बहिणीला असं बोलत्यात व्हय? म्हस तुझ्या दारात कशापायी आली ते इसरलास. गेल्या पावसात हिथं तिचं चारी पाय चिखलात रुतलं, खूर कुजाय लागलं, आणि तुझं दाजी म्हणायचं, म्हसच हाय, तिला चिखल आवडतोय. म्हटलं, तुमास्नी आंघूळ आवडती, म्हणून न्हाणीत निजताय का? जनावराला बी पायाखाली घट्ट लागतंय. तवाच ठरलं, पाया भरूनच गोठा बांधायचा.

दाजींनी खांदायला घेतलं आणि बोळातनं जाईल त्यो पावणा काठावर उभा राहून शानपण शिकवाय लागला. काळी माती हाय, मुरूम लागंस्तवर खाली जावा. मुरूम लागला, तर म्हणं आणि जरा जावा, आता थांबून काय करताय. हे आपलं ऐकत्यात आणि खांदत्यात. शेवटाला नुसती टोपी दिसाय लागली. म्हटलं, म्हस बांधायची हाय का हत्ती? तवा थांबलं. (वर यायला शिडी लागली. ती मीच दिली, जरा उशिरानं.)

मग गुंडू गवंडी आला. बंगल्यांच्या फरश्या करणारा माणूस. दगड भरलं, वर मुरूम टाकला, पाणी मारून धुमसानं ठोकला, इथपतुर झ्याक. पण वरचा कोबा थापीनं असा घोटला की त्यात तोंड दिसाय लागलं. म्हटलं, बाबा, म्हस काय ह्यात बघून भांग पाडणार हाय का? पाय घसरून मागचा फरा मोडंल तिचा. तर म्हणतोय, "आक्का, माझ्या हातनं खडबडीत काम हुतच न्हाय की." माझ्या हातनं हुतंय म्हटलं, आणि खराटा घेऊन वल्या कोब्यावर रेघा वढल्या. मूत वाहून जायाला मोरीकडं उतार बी उकरून परत करून घेतला. गुंडू चहा येईस्तवर माझ्याकडं पाठ करून थापी घासत बसला.

पण कृष्णात, काय सांगू तुला, असा गोठा अख्ख्या कोडोलीत न्हाय. वर पत्रा, तिन्हीकडनं वारं, खालनं गारवा. दाजी जेवलं की तिथंच बाज टाकून घोरत्यात. शेजारची संयोगिता बघायला म्हणून आली, ती पोळपाट घेऊनच परत आली. आता सगळ्या बाया तिथंच पापड लाटायला बसत्यात. पैल्या दिवशी सगळ्यास्नी हाकललं मी. दुसऱ्या दिवशी जरा टेकले, आणि उठूच वाटंना.

तुमास्नी पापड धाडते. म्हशीच्या पाठीवरनं माझ्या नावानं हात फिरव.

तुझी आक्का

ता. क. गोठा तयार हाय, पण ऐतवारी म्हस आणू नकोस. पापड झालं की शेवया हायत, आणि शेवया झाल्या की राजवर्धनच्या साखरपुड्याची पंगत तिथंच बसवणार हाय. म्हस पैल्याच दिवशी त्यावर शेणाचा पो टाकंल, ते माझ्यानं बघवणार न्हाय. दिवाळीपतुर ऱ्हाऊ दे तिला तुझ्याकडं मुरगूडलाच. दूध तुमीच प्या.

ता. क. दुसरा. तुझ्या गोठ्यात अजून मातीच हाय, ती पावसात तिथं कशी उभी ऱ्हायची? गुंडूला सोमवारी धाडते. गवंडी माझा, सिमीट तुझं.