नियम सातमधली टेकणी

प्रिय ताई,

एवढं जाडजूड पाकीट बघून दचकू नकोस, इकडे सगळे धडधाकट आहेत. आई माझ्याकडे छान रुळली आहे. म्हणजे माझ्या स्वयंपाकघरातल्या डब्यांच्या जागा तिने बदलल्या, आणि आता मीच तिला विचारून साखर काढते. यांचा गुडघा बरा आहे, पण व्यायाम सांगितला की यांना लगेच ऑफिसचं महत्त्वाचं काम आठवतं. पत्र का लिहिते आहे ते शेवटी सांगेन. आधी सांगितलं तर तू पुढचं वाचायची नाहीस, तुझा स्वभाव मला पाठ आहे.

गेले काही महिने मी तुझ्या जुन्या संस्थेचं मूल्यमापन करत होते. हो, तीच, किल्ल्या बनवणाऱ्याच्या दुकानावरच्या दोन खोल्या. खुर्च्याही त्याच आहेत, त्यातल्या एकीचा हात अजून सुतळीने बांधलेला आहे. तू संस्था सोडल्यावर वर्षभराने दुकानात उभं राहून काम करणाऱ्यांना बसायची सोय देणारा कायदा झाला. निधी देणाऱ्या मंडळींना आता जाणून घ्यायचं आहे की यात संस्थेचं किती. काही दाखवता आलं नाही तर यंदा निधी बंद, म्हणजे संस्थेला कुलूप आणि तिथले चौघे घरी. माझी बहीण तिथे होती हे मी पहिल्याच बैठकीत सांगितलं होतं. ती कायद्याच्या आधीच बाहेर पडली ना, मग हरकत नाही, असं त्यांचं म्हणणं पडलं. आपल्या दोघींत त्या संस्थेचा विषय काढायचा नाही असं ठरलंय, म्हणून तुला बोलले नव्हते.

माझ्या कामाला तू कायम हसत आलीस. कायदा कुणामुळे झाला हे मोजायला निघालेली बाई तुला वेडीच वाटते. पण रीत साधी आहे. ज्यांचा संबंध आला त्या प्रत्येकाला भेटायचं आणि विचारायचं, ही संस्था नसतीच तर काय झालं असतं? कामगार संघटनेच्या अध्यक्षांनी सांगितलं, काही फरक पडला नसता, आमच्या संपानेच सरकार हललं. संपादकांच्या मते, दुकानात चक्कर येऊन पडलेल्या बाईचा त्यांनी छापलेला फोटो निर्णायक ठरला. मंत्र्यांच्या सचिवांनी आवाज खाली आणून मला विश्वासात घेतलं, की मंत्रीणबाईंच्या बहिणीचं कपड्यांचं दुकान आहे आणि खरी कळ तिथून दाबली गेली. कहर म्हणजे दुकानदारांच्या मंडळाचे प्रमुख, ज्यांनी शेवटपर्यंत कायद्याला विरोध केला, तेही म्हणाले की मुळात ही आमचीच इच्छा होती. लग्न जमलं की ते मीच जमवलं म्हणणारे चारजण निघतात, तसला प्रकार. यातला कुणी धादांत खोटं बोलत होता असंही मला वाटत नाही.

तू ज्याला भोंगा म्हणायचीस तो अजून संचालक आहे आणि अजून समोरचा माणूस रस्त्यापलीकडे उभा असल्यासारखा बोलतो. कायद्यासाठी नेमलेल्या सरकारी समितीला तुझ्या मसुद्यावरून दिलेलं अधिकृत निवेदन त्याने माझ्यापुढे ठेवलं. त्यावर समितीचा एका ओळीचा शेरा होता, विचार करता येत नाही. तो शेरा आला त्याच दिवशी तू राजीनामा दिलास, आणि उमेदीची वर्षं रद्दी तयार करण्यात गेली म्हणालीस. मी कच्च्या अहवालात लिहिलं, संस्थेचा हातभार संभवतो, मात्र सिद्ध होत नाही. वाक्य खरं होतं. ते लिहून मी शांतपणे चहा करायला उठले. त्याने चार माणसांचं काम जाणार हे मला कळत होतं, पण माझ्या कामात कळवळ्याला रकाना नसतो.

मग एकदा कामगार खात्यात साहेबांची वाट बघत बसले होते. कायदा मी वाचला होता, त्याखालची नियमावली नुसती चाळली होती. वेळ जात नव्हता म्हणून काढली. नियम सात असा आहे: प्रत्येक काउंटरमागे कामगारांसाठी किमान एक टेकणी ठेवणे बंधनकारक राहील. मी तो पुन्हा वाचला आणि मोठ्याने हसले. दाराशी बसलेल्या शिपायाने मान वर करून पाहिलं.

आईची टेकणी, ताई! दिवसभर शिंप्याच्या दुकानात उभ्याने कापड कापून आली की ओट्याशी ती त्या उंच, अरुंद, बिनपाठीच्या लाकडी वस्तूवर अर्धवट बसायची, आणि तिथूनच पोळ्या लाटायची. स्टूल म्हटलं की तिला राग यायचा. स्टुलावर माणूस बसतो, हिच्यावर नुसता टेकतो, असं तिचं म्हणणं. आपण दोघी हा शब्द सगळ्या जगाचा आहे असं धरून वाढलो. मला वसतिगृहात गेल्यावर कळलं, मैत्रिणींनी महिनाभर माझी टर उडवली. तू घरातच राहून शिकलीस, तुला कुणी हसलंच नाही. मसुद्यात खुशाल लिहून मोकळी झालीस.

मी लगेच हुरळून गेले नाही. शब्दकोश पाहिले, टेकणीचा अर्थ टेकू असा मिळाला, बसायची वस्तू कुठेच नाही. नियमावली निघाल्यावर फर्निचरवाल्यांनी विचारलं होतं की ही काय भानगड आहे, तेव्हा खात्याने खुलासा काढला. त्यात दिलेलं वर्णन म्हणजे आपली टेकणी, उंची आणि पायाशी असलेल्या आडव्या पट्टीसकट. साहेबांनी मला गंभीरपणे समजावलं की ही या व्यवसायातली जुनी संज्ञा आहे. समिती, विधी खातं, छापखाना, सगळीकडून तो शब्द सुखरूप पार पडला, कारण आपल्याला तो माहीत नाही हे कबूल करायची कुणाची तयारी नव्हती.

पण घोडं अडलं ते पुढे. भोंग्याच्या अधिकृत निवेदनात टेकणी नाहीच. तिथे आसन आहे. तुझा शब्द त्याला चूक वाटला आणि त्याने तो सुधारला, हे त्याने आयुष्यात पहिल्यांदा हळू आवाजात सांगितलं. म्हणजे नियमात गेलेला मजकूर त्या निवेदनातून गेलेला नाही. तू आपला मूळ मसुदा वेगळा कुणाच्या तरी हाती दिलास. बहुतेक भोंग्याला न विचारता, त्याच्याशी भांडून. खात्यातले तेव्हाचे लोक बदलून गेले, आताच्यांनी कानावर हात ठेवले. तो कागद कुणी घेतला आणि पुढे कसा सरकला, हे फक्त तुला ठाऊक आहे.

आणि इथे माझं काम संपलं. हा शब्द आमच्या स्वयंपाकघरातला आहे असं मी लिहिलं, तर मीच साक्षीदार आणि मीच न्यायाधीश. न लिहिलं, तर मला माहीत असलेली गोष्ट मी लपवली. काल मी मूल्यमापन सोडलं. सगळी टिपणं संख्याशास्त्राच्या एका निवृत्त प्राध्यापकांकडे दिली. गृहस्थ अत्यंत रुक्ष आहेत, स्वतःच्या घड्याळावरही त्यांचा विश्वास नाही, तेव्हा माणूस योग्य आहे. माझा जबाब त्यांनी घेतला, आईचाही घेणार आहेत. आईने त्यासाठी साडी काढून ठेवली आहे.

आता पत्राचं कारण. आमच्या जबाबांनी शब्द कुणाचा एवढंच ठरतं. तो तिथवर कसा गेला हे तूच सांगायचंस. प्राध्यापक येत्या आठवड्यात तुला फोन करतील. संस्थेचं नाव काढलं की तू फोन ठेवतेस, या वेळी ठेवू नकोस. भोंग्यावरचा राग तसाच राहू दे, तो रास्त आहे, पण बाकी तिघांना त्यात ओढू नकोस. आणि एक सांगायचं आहे, जे मला अहवालात लिहिता आलं नसतं आणि प्राध्यापकही लिहिणार नाहीत. काल टिपणं देऊन परतताना मी चपलांच्या दुकानात शिरले. गिऱ्हाईक नव्हतं, काउंटरमागची मुलगी बसलेली होती. मला बघून उठायला लागली, तिला मी बसूनच राहायला सांगितलं. मग ज्यावर बसलीस त्याला काय म्हणतात, असं मुद्दाम विचारलं. एवढंही कसं माहीत नाही अशा नजरेने तिने माझ्याकडे पाहिलं, आणि टेकणी म्हणून सांगितलं. मला रडू आलं ताई, भर दुकानात. तू रद्दी केली नाहीस.

तुझीच, आता कुणाचं काहीही मोजत नसलेली,
धाकटी