तुझं हेल्मेट आणि तू

प्रिय दादा,

तुझं हेल्मेट माझ्या प्रयोगशाळेत खिडकीजवळच्या फळीवर असतं. अधिकारी येवोत की विद्यार्थी, मी आधी तेच त्यांच्या हातात देते. उजव्या बाजूला एक ओरखडा, बस्स, तडासुद्धा नाही. मग सांगते, की हे ज्याच्या डोक्यावर होतं त्याची कवटीही अशीच शाबूत राहिली, पण आत मेंदू गर्रकन पिळला गेला. जुन्या चाचणीत हेल्मेट सरळ खाली आपटतात, माणूस मात्र स्कूटरवरून तिरका पडतो. म्हणून आम्ही नकली डोक्यावर हेल्मेट चढवून ते उतरत्या लोखंडी पाट्यावर आपटतो आणि डोकं किती जोरात फिरतं ते मोजतो. लोक हेल्मेट उलटंसुलटं करून बघतात, हळहळतात, आणि मी भाव खाऊन घेते.

तू मात्र तिथे एकदाच आलास. ते डोकं आपटलं तेव्हा खो खो हसलास आणि आमच्या साहेबांना विचारलंस, की ह्या बिचाऱ्याला पगार किती देता. सगळे हसले. पुढचं काही सांगायला गेलास आणि शब्द सापडेना, तेव्हा चिडून टेबलावर मूठ आपटलीस आणि रडायला लागलास. असा राग हा दुखापतीचाच भाग असतो, हे मी परक्या बायकांना त्यांच्या नवऱ्यांबद्दल किती शांतपणे समजावते! त्या दिवशी मला धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं, असं झालं. हाताला धरून तुला बाहेर काढलं, जसा काही तू कुणी भलताच घुसलेला माणूस.

आता गुरुवारी नियम ठरवणाऱ्या समितीची बैठक आहे. तिरकी चाचणी सक्तीची होणार की नाही, ते तिथेच ठरेल. अपघातातून वाचलेल्या कुणीतरी बोलावं असं त्यांनी कळवलं, तेव्हा तूच उत्साहाने म्हणालास, मी येतो. मग पुन्हा पुन्हा फोन करून तारीख विचारलीस आणि दर वेळी मी म्हणाले, अजून ठरली नाही. फोनवर ऐकलेलं तुझ्या लक्षात राहत नाही, त्याचाच मी फायदा घेतला. तू बरं म्हणायचास, वर माझ्या तब्येतीची चौकशी करायचास. वहिनीला कळलं असावं. हल्ली ती फोन तुझ्याकडे देण्याआधी जरा थांबते. दादा, मला तुझी लाज वाटली, आणि आता त्याचीच इतकी लाज वाटते की ते हेल्मेट हातात घेववत नाही.

गुरुवारी सकाळी अकराला वहिनीला घेऊन माझ्या प्रयोगशाळेत ये, बैठक इथेच आहे. सगळ्यांत आधी तू बोलायचंस, लागेल तितका वेळ. अडलास तर अड, चिडलास तर चीड. न फुटलेल्या हेल्मेटच्या आत काय होतं, ते समितीला बघू दे. फोन न करता लिहिलं, कारण कागद तुझ्याजवळ राहील आणि मला माझाच भरवसा नाही. बुधवारी मी फोन करून बैठक रद्द झाली असं म्हणालेच, तर माझं ऐकू नकोस. हा कागद वाच आणि निघ.

तुझीच,
भुणभुण