न परतलेल्यांची पंगत

३ ऑगस्ट १९४४
आज पहाटे पाणबुडीतून बेटावर उतरलो आणि कितीतरी दिवसांनी माणसासारखा श्वास घेतला. आत तेल, घाम आणि खारवलेला मुळा यांचा त्रिवेणी संगम होता. बेटाचं नाव लिहायची मनाई आहे. हवा मात्र उत्तम, हे लिहायला हरकत नसावी.

कॅप्टन उकाई स्वतः किनाऱ्यावर आले होते. हळू बोलणारा, सभ्य माणूस. सोबत त्यांचा धाकटा भाऊ, लेफ्टनंट. थोरला जितका गंभीर तितका हा वात्रट. माझी पेटी उचलत म्हणाला, गुरुजी, टोकियोहून विमान आणलंत की नुसती विशेषणं? विशेषणंच होती.

इथे धावपट्टी आहे, विमान एकही नाही. रोज सकाळी अमेरिकन येऊन तिच्यावर बॉम्ब टाकतात. मग दुपारभर आपली माणसं खड्डे बुजवतात, दुसऱ्या दिवशी पाहुण्यांची गैरसोय नको म्हणून. दोन्हीकडचं नित्यकर्म इतकं चोख मी लहानपणी बौद्ध मंदिराच्या पाठशाळेतही पाहिलं नव्हतं. टोकियोच्या वार्ता कार्यालयाने पाठवलेला लेखक म्हणून मी रोजची वार्ता लिहायची. आजची लिहिली: ‘आमच्या फौजांनी शत्रूचे लक्ष यशस्वीपणे वेधून ठेवले आहे.’ एक अक्षर खोटं नाही.

पुढची पाणबुडी आली की परत. तोवर मात्सुएला घरी शिगे माझं ताट मांडत असेल. मी दूर गेलो की ती रोज संध्याकाळी माझ्या जागी वाटी ठेवते, वर झाकण. झाकणाला आतून पाण्याचे थेंब धरले की नवरा सुखरूप. मग ती आणि नोबू ते अन्न वाटून खातात. नऊ वर्षांच्या पोरीच्या रेशनला तेवढाच हातभार. असा काटकसरी नवरा दुसरा नसेल.

९ ऑगस्ट
परवा लेफ्टनंट उकाई दहा माणसं घेऊन होडीने शेजारच्या बेटावर नारळ आणायला गेले. मचाणावरच्या पहारेकऱ्याने समुद्रात जाळ पाहिला, आणि तो विझतानाही पाहिला. कॅप्टनसाहेबांनी मला वार्तेत लिहायला लावलं: ‘तुकडी अद्याप परतायची आहे.’ व्याकरणदृष्ट्या निर्दोष वाक्य. लिहिलं.

संध्याकाळी त्यांनी त्या अकराजणांचे जेवणाचे डबे भरून मांडायला सांगितले. झाकणं लावून, जेवायच्या काड्या समोर आडव्या ठेवून, जसं गावाला गेलेल्या माणसासाठी मांडतात तसं.

आमचा आचारी, कॉर्पोरल नेझू, एचिझेनच्या किनाऱ्यावरच्या कोळ्यांपैकी. तो माझ्यापाशी पुटपुटला, गुरुजी, बुडालेल्याच्या भातात काड्या उभ्या रोवायच्या असतात. उभ्या म्हणजे मेलेला, आडव्या म्हणजे जिवंत. एवढं तर आमच्याकडचं मांजरही जाणतं. मेलेल्याला जिवंताचं वाढलं तर तो जिवंतासारखा जेवायला येईल. मी म्हटलं, यमराजापेक्षा कॅप्टनचा हुद्दा मोठा, तू वाढ. तो म्हणाला, तुम्हाला काय, तुम्हाला पेज ढवळायची नाही.

१७ ऑगस्ट
अकराही झाकणांना थेंब. माणसांचे चेहरे उजळले. आजारी हिदाका तर उठून बसला. कॅप्टनसाहेब एकेक झाकण उचलून पाहत होते. भावाचं सगळ्यांत शेवटी पाहिलं.

मांडलेलं अन्न नंतर आजाऱ्यांना वाटायचं असं ठरलं होतं. पण तीन दिवस झाले, डबे रिकामे निघतात. नेझूला संशय माझाच. म्हणाला, अख्ख्या बेटावर पोट सुटलेला माणूस एकच आहे आणि तो लेखक आहे. मी दुखावल्यासारखं केलं. पोट खरं तर कधीच गेलंय, कातडं तेवढं उरलंय.

पहारा ठेवला. पहारेकरी सांगतो, कोणी आलं नाही. डबे नुसते हलके होत गेले.

२९ ऑगस्ट
सकाळच्या बॉम्बमध्ये चौघे गेले. सगळ्यांच्या डोळ्यांदेखत, त्यामुळे त्यांना ‘परतायचे’ म्हणता येईना. पुरलं. थोडा घट्ट भात करून काड्या उभ्या रोवल्या. लहानपणी घोकलेले संस्कृत मंत्र मी म्हटले. अर्थ मला तेव्हाही कळत नव्हता, आचार्यांनाही कळत होता की नाही शंकाच आहे. त्या चौघांचा भात तसाच राहिला. मुंग्या लागल्या.

शेजारचे अकरा डबे चाटून पुसून लख्ख.

आज वार्ता लिहिताना विशेषण सुचलं नाही.

नेझू आता वाढताना मागे सरतो. पळी घेऊन उभा राहिलो की डबे पुढे सरकतात म्हणतो. त्यांना पुन्हा वाढ हवी असते. हिदाका काल गेला. उपाशी.

६ सप्टेंबर
कॅप्टनसाहेबांकडे गेलो. म्हटलं, ते मेले म्हणा. एकदाच म्हणा. बाकीचं मी करतो. जिवंतांच्या तोंडचं जातंय.

ते रागावले नाहीत. म्हणाले, इसोगाईसाहेब, तुमच्या घरीही ताट मांडतात ना? तुमच्या बायकोला सांगाल, उद्यापासून काड्या उभ्या रोव म्हणून?

मी वाकून नमस्कार केला आणि बाहेर पडलो. परत येताना मनात आलं: आपल्यामागे घरी कळवणार कोण? डोळ्यांदेखत पुरला नाही तो इथे मेलेलाच नाही. मी इथे पडलो तर कार्यालय लिहील, ‘इसोगाई अद्याप परतायचे आहेत.’ वाक्य मीच शिकवलंय त्यांना. शिगे मांडत राहील. झाकणाला थेंब धरतील. तिला आनंद होईल.

आणि मग वाटी रिकामी निघेल. नोबूचा वाटा.

पाणबुडी यायला हवी.

१३ सप्टेंबर
आली होती. प्रवाळाच्या कड्याबाहेर वर आली, तेवढ्यात विमानं. पाण्यावर तेलाचा डाग आहे. अजून पसरतोय.

कॅप्टनसाहेब म्हणाले, तिच्यावरच्या लोकांचेही डबे मांडा.

नेझूने प्रथमच नाही म्हटलं. पेज कुठाय, साहेब? पाला उकळून ठेवलाय नुसता. मग गळ घेऊन खडकावर गेला.

१४ सप्टेंबर
नेझू परतला नाही. लाटेने नेला की स्वतःच गेला, कोणी पाहिलं नाही.

वाढायला मी. धड उभं राहणारं कोणी नाही दुसरं.

त्याचा डबाही मांडला. हुकूम. थेंब होते. मी पाठ फिरवली आणि तळ खरवडल्याचा आवाज आला. तो तसाच खरवडायचा. नेहमी सगळ्यांचं झाल्यावर. आज सगळ्यांच्या आधी.

१८ सप्टेंबर
हुकूम असो नसो, मीच रोवणार ठरवलं. काड्या उभ्या राहत नाहीत. पाल्याच्या पाण्यात कशा राहतील. आडव्या पडतात. समोर. जिवंतांसारख्या.

मेलेल्याला मेलेला म्हणायलाही मूठभर घट्ट भात लागतो.

शोधतोय —

१९ सप्टेंबर
नेझूच्या मोज्यात तांदूळ सापडले. मूठभर. मेलेल्या सगळ्यांना पुरले असते, एकेका घासात एकेक काडी तर रोवायची. कॅप्टनसाहेबांना दाखवले.  मग म्हणाले, करा. आणि भिंतीकडे तोंड केलं.

भात शिजला. घट्ट. वास —

मी खाल्ला.

सगळा. उभ्या उभ्या. मंत्र पाठ होते, काड्या हातात होत्या, आणि मी खाल्ला.

दाराबाहेर डबे सरकत होते.

२१ की २२
कॅप्टनसाहेब बाहेर जाऊन पंगतीत बसले. भावाशेजारी. मी आत बोलावलं, उठले नाहीत. आज त्यांच्याही झाकणाला थेंब —

वाढायला काही नाही. पंगतीतले थांबलेत. घाई करत नाहीत. नेझू विचारतो, गुरुजी, आज काय आहे. गोड आवाजात विचारतो. असा कधी बोलायचा नाही.

पाय उचलत नाहीत माझे. भूक आहे. फक्त भूक —

शिगे
हे तुला मिळणार नाही तरी लिहितो. एक दिवस पेज करू नकोस. मूठभर तांदूळ राख. घट्ट शिजव, काड्या उभ्या रोव. कार्यालय काय म्हणतं ते ऐकू नकोस. झाकणाला थेंब दिसले तर हसू नकोस, शिगे — थेंब दिसले तरच घाबर —

मी येईन तेव्हा मी चांगलं बोलेन. भूक लागली की मी किती गोड बोलतो, तुला ठाऊक आहे. दया करू नकोस. मी भात खाल्लाय, मला माझी भूक माहीत आहे. वाटी पुढे सरकली तर वाढू नकोस, आणि नोबूला त्या वेळी स्वयंपाकघरात