श्वासापुरती फट

४ जानेवारी

आले एकदाची. सामान उतरवणाऱ्यांनी कपाट जिन्यात आडवं पाडायचा चंगच बांधला होता. मी वरच्या पायरीवर उभी राहून बत्तीस वर्षं वॉर्डात वापरलेला आवाज काढला, तेव्हा सुतासारखे सरळ आले. मेट्रन निवृत्त होते, तिचा आवाज निवृत्त होत नाही.

घर झकास आहे. दोन खोल्या, लहानसं स्वयंपाकघर, पूर्वेला मोठी खिडकी. वर कोणी राहत नाही, म्हणजे डोक्यावर कोणाची पावलं वाजायची नाहीत. वसाहत टेकड्यांच्या बेचक्यात असल्यामुळे मोबाइल ही इथे शोभेची वस्तू आहे. तारेचा फोन मात्र चालतो. त्यावरून धाकटीला पोचल्याचं कळवलं. म्हणाली, ताई, पहिल्याच आठवड्यात कोणाशी भांडू नकोस. मी म्हटलं, बरं, दुसऱ्यात भांडेन.

९ जानेवारी

इथली एक गंमत कळली. इथली एकटी राहणारी म्हातारी माणसं हॅम रेडिओ, म्हणजे परवान्यावर मिळणारा घरगुती बिनतारी संच, बाळगतात. रोज सकाळी दहाला हजेरी होते. एक जण नावं घेतो, बाकीचे आपापल्या घरातून ओ देतात. ज्याची ओ आली नाही, त्याच्या दारात अर्ध्या तासात कोणीतरी जाऊन उभं राहतं. माझ्या मते हे फार शहाणपणाचं आहे. वॉर्डातही मी हेच करायचे.

हजेरी घेणाऱ्याला सगळे तारमास्तर म्हणतात. तारखात्यातून निवृत्त झालेला, विधुर, मुलगी परगावी. चढावरच्या शेवटच्या घरात एकटाच असतो. बोलण्याआधी दोनदा खाकरतो, जणू आकाशवाणीच होणार आहे. मलाही सामील व्हायचंय म्हटल्यावर म्हणाला, परवान्याला परीक्षा असते, या वयात जमेल का? याच्याहून मी दोन वर्षांनी लहान! आम्हाला कॉन्व्हेंटात सिस्टर पट्टी हातात घेऊन शिकवायच्या. तिथून जी पास होऊन बाहेर पडली तिला परीक्षेची भीती कोण घालणार?

२ एप्रिल

परवाना आला. पहिल्या फटक्यात पास. कोणाच्या तोंडाला कुलूप लागलं ते लिहायची गरज नाही.

संच घेतला तो दुकानातला सर्वांत स्वस्त. काळा, मुठीत मावणारा, डोक्यावर रबरी शेपटी. तारमास्तरने उलटसुलट करून पाहिला आणि म्हणाला, याचं बोलायचं बटण फार हलकं आहे, जपून. मग शिकवणी सुरू. बटण दाबलं की बोलता येतं, पण ऐकू येत नाही. सोडलं की ऐकू येतं. एका वेळी एकानेच बोलायचं, कारण दोघं बोलले तर ज्याचा जोर जास्त त्याचंच सगळ्यांना ऐकू जातं आणि दुबळा आवाज खाली चिरडला जातो. म्हणून, मेट्रनबाई, आधी ऐका, मग बोला, आणि बोट उचलायला विसरू नका.

मला कोणी समोर उभं करून शिकवलेलं आवडत नाही. खरं असलं तरी.

१८ एप्रिल

आज हद्द झाली. पाणी दोन दिवस गढूळ येतंय, तर हजेरीत ओ दिल्यावर मी तेवढं सांगत होते. हा सगळ्यांदेखत म्हणतो, मेट्रनबाई, थोडक्यात. थोडक्यात! हजेरीतल्याच बेकरीवाल्याचा फिस्सकन हसल्याचा आवाज मी स्वतः ऐकला. या बेकरीवाल्याच्या पावाला बुरशी आली तेव्हा मी थोडक्यातच सांगितलं होतं, तेव्हा नाही हसला.

२३ एप्रिल

लिहूनच काढते.

हजेरी संपल्यावर साडेदहाच्या सुमाराला धाकटीला फोन लावला आणि मनात साठलेलं सगळं ओकले. दोन-अडीच तास. बेकरीवाल्याची ढेरी, वसाहतीतल्या डॉक्टरीणबाईंचे रंगवलेले केस, कोणाला सोडलं नाही. सर्वांत जास्त तारमास्तरला. त्याची नक्कल केली, खाकरण्यासकट. धाकटी हसून हसून बेजार. मी आणखी चेकाळले. म्हटलं, हा हजेरी घेता घेताच मरेल एक दिवस, आणि मी तर बाई ओ द्यायची नाही.

फोन ठेवून उठले तर संच कोचाच्या फटीत, माझ्या मांडीखाली. बटण आत दबलेलं. संच तव्यासारखा गरम.

म्हणजे सगळं गेलं. प्रत्येक घरात, शब्द न् शब्द.

धरणी दुभंगून पोटात घेईल तर बरं. चार वाजता बेकरीत गेले. आत तिघं बोलत होते, मी शिरताच गप्प झाले. बेकरीवाल्याने पाव कागदात बांधला आणि माझ्याकडे न बघता दिला. एकानेही विषय काढला नाही. शिव्या घातल्या असत्या तर परवडलं असतं. उद्या हजेरीत सर्वांसमोर माफी मागायची, तारमास्तरची पहिली.

२४ एप्रिल

दहा वाजले. हजेरी नाही. साडेदहापर्यंत वाट पाहिली, मग बेकरीवाला, डॉक्टरीणबाई आणि मी चढ चढून गेलो.

तारमास्तर गच्चीवर होते. पाण्याच्या टाकीला लावलेल्या शिडीच्या पायथ्याशी. शिडीच्या टोकाला अँटेना अर्धवट बांधलेली. हातात संच, अंगठा बटणावर, तसाच ताठरलेला. कमरेचं हाड मोडलेलं. ओठांना पडलेल्या भेगा, पाठीवरचे डाग... मला वाचता येतात ते. बत्तीस वर्षं वाचले. डॉक्टरीणबाई बोलायच्या आधीच मला कळलं होतं : काल सकाळी अकराच्या आसपास पडले. दुपारी बारा-साडेबारापर्यंत जिवंत होते. शुद्धीवर होते. तासाभरात कोणी पोचलं असतं, तर आज दवाखान्यात पडल्या पडल्या नर्सना शिकवत असते.

काल अकरा ते दुपार. मी बोलत होते.

२६ एप्रिल

मुलगी आली आहे. तिशीची, डोळे वडलांचेच. एक तारखेला दुपारी परत जाणार. आज तिने सगळ्यांना बोलावलं आणि एवढंच विचारलं, की बाबांचा अंगठा बटणावर होता, म्हणजे त्यांनी हाक दिली असणार. एवढे संच गावात, मग एकालाही कशी ऐकू आली नाही?

तिने माझ्याकडे पाहिलं, कारण माझं घर सर्वांत जवळ. मी म्हटलं, माझा संच त्या दिवशी बंद होता.

किती सहज म्हटलं. शाळेत खोटं बोलल्यावर कान तापायचे, तेही तापले नाहीत.

उतरताना बेकरीवाला शेजारून चालत होता. म्हणाला, मेट्रनबाई, आम्ही सगळे ऐकत होतो. बंद नाही केला कोणी. खुर्च्या ओढून बसलो होतो, हसत होतो. तुम्ही गप्प राहा, आम्ही गप्प राहू.

मला सांभाळून घेत नव्हता तो. स्वतःचीच लाज झाकत होता. आणि मी मान डोलावली.

२७ एप्रिल

संच बंद करून कपाटात टाकला होता. साडेदहाला कपाटातून आवाज आला. माझा. अगं, तुला काय सांगू, इथे एकेक नमुना आहे... त्या दिवशीचा शब्द न् शब्द. दार उघडलं. संच बंदच होता, दिवा विझलेला, तरी बोलत होता.

आपलाच आवाज बाहेरून ऐकणं फार वाईट. इतकी खाष्ट आहे मी? इतकी?

मी ऐकत राहिले. दोन वाक्यांमध्ये मी श्वास घेते, तेवढ्या फटीत आणखी कोणीतरी आहे. खाकरणं. दोनदा.

२८ एप्रिल

बॅटरी काढली. साडेदहाला पुन्हा. संच फडक्यात गुंडाळून बाहेर कचऱ्याच्या डब्यात टाकून आले. घरात आले तरी आवाज होताच. संचातून येत नव्हता आता.

धाकटीला फोन केला. दोन वाक्यं बोलले नसेन, ती म्हणाली, ताई, कोणी आलंय का घरात? मी विचारलं, का? म्हणाली, तू थांबलीस की कोणीतरी पुरुष बोलतोय.

फोन ठेवला.

२९ एप्रिल

हे कसं चालतं ते कळलं. मी बोलत असले की तारमास्तर ऐकू येत नाहीत. गप्प बसले की येतात, सलग. म्हणून बोलत राहायचं. पाढे, औषधांची नावं, वॉर्डातल्या खाटांचे नंबर, तोंडाला येईल ते. पण श्वास घ्यावाच लागतो —

फटीफटीतून तुकडे पडतात. ते जोडले. जोडायला नको होते.

मदत मागत नव्हते ते. आधी नव्हते. म्हणत होते, सगळ्यांनी आपापले संच बंद करा. बाईंचं बटण दबलंय. त्यांचं घरगुती बोलणं चाललंय, ऐकू नका. फोन लावला तर लागत नाही, चालत जाईपर्यंत सगळं बोलून होईल. संच बंद करा, कोणी ऐकू नका.

माझ्या आवाजाखाली त्यांचा पोचेना. म्हणून अँटेना उंच बांधायला शिडी चढले. माझी लाज झाकायला. मी त्यांच्या खाकरण्याची नक्कल करत असताना.

३० एप्रिल

ठरवलं, मुलीला सांगायचं. जे होईल ते होवो. सकाळी चढ चढून गेले, सारखी पुटपुटत, रस्त्यातले लोक बघत होते.

तिने दार उघडलं. वडलांचे कपडे घड्या करून ठेवत होती. मला बसा म्हणाली. मी तोंड उघडलं, सांगणार होते की संच बंद नव्हता —

आणि दोनदा खाकरले. त्यांच्यासारखी. मेट्रनबाई, थोडक्यात, असं म्हणाले त्यांच्याच आवाजात, नाकातून, सूर ओढून. जशी त्या दिवशी नक्कल केली तशीच. थांबवता येईना. तिच्यासमोर. त्यांचा सदरा तिच्या मांडीवर होता.

ती रडली नाही. मी पळून आले. अडुसष्टाव्या वर्षी उतारावरून पळत.

नंतर

तोंड माझं राहिलेलं नाही. हात अजून आहे. पत्र लिहिलं. काही गाळलं नाही, बेकरीवाल्याने काय सांगितलं तेही नाही. शेवटी लिहिलं, की तुझे वडील अजून बोलतायत आणि पहिले शब्द मला कळलेत, पुढचे मी माझ्या बडबडीने दाबते आहे. उद्या साडेदहाला ये. मी गप्प बसेन आणि ते म्हणतील ते लिहून देईन. दाराखालून सरकवून आले.

१ मे

आली. बॅग दारात ठेवून समोर बसली आहे. पत्र हातात. बोलली एवढंच, की लिहा.

तोंडात रुमाल कोंबलाय. वरून डावा हात दाबलाय. साडेदहा —

सुरू झाले. तिला ऐकू येत नाहीये, मान हलवते. मला येताहेत. स्पष्ट.

संच बंद करा. ऐकू नका कोणी — बाईंची शोभा होतेय —

शिडी हलतेय — थांबा —

मग काही नाही. बराच वेळ. मग श्वास.

पडलोय. गच्चीवर. टाकीपाशी. कोणी आहे का. ओ द्या.

ओ द्या.

तिला वाचून बघू दिलं. तिने वहीच्या कडेला हात ठेवलाय.

बेकरीवाल्याला हाक मारतायत. डॉक्टरीणबाईंना. हजेरीसारखी, एकेक नाव. मग मला. रागाने नाही. मेट्रनबाई, जमलं तर बोट उचला —

घसा हलतोय. माझा. आतून काहीतरी येतंय. रुमाल दाबते —

ऊन फार आहे म्हणतात. पाणी —

आता तिचं नाव. घरातलं, लहानपणचं. मी वहीत लिहिलं, तिने वाचलं, उठून उभी राहिली —

बाळ, तुला सांगायचं राहिलं — हळू बोलतायत, फार हळू — कोणी ऐकत असेल तर तिला सांगा की मी —

रुमाल सुटला. नको. आता नको. दोन शब्द, फक्त दोन — ती माझं तोंड दाबतेय दोन्ही हातांनी — तिच्या बोटांतून बाहेर — अगं तुला काय सांगू इथे एकेक नमुना — ते बोलतायत, ओठ दिसावेत तसं कळतंय की बोलतायत, शब्द नाही, माझाच आवाज — सांगा तिला की मी —

की मी